बक्षिशी कोणाच्या हातात?

मोठ्या हॉटेलात बिल आलं की मी आधी तळाच्या ओळी वाचतो. जीएसटी सरकारचा, तो द्यायलाच हवा. ‘सेवाशुल्क १० टक्के’ हा मात्र कर नव्हे. ते परस्पर बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये बजावलं. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तेव्हा ते काढायला सांगण्यात कमीपणा नाही. ऐकलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

पण वाचलेले पैसे खिशात घालून उठू नका. ते शुल्क मालकाच्या गल्ल्यात जमा होतं. वेटरला त्यातलं किती, हे मालक ठरवतो. म्हणून मी बक्षिशी रोख देतो, वेटरच्याच हातात. आत भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो ना, हेही विचारतो.