दाखला, दस्तक आणि किल्ली
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने संगणकांच्या आपापसांतील ओळखीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गेली काही वर्षे हा विषय शाळेच्या कार्यालयाचे दार इतक्या वेळा ठोठावत आला आहे, की तो समजून घेतल्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

आपल्या शाळेचा विद्यार्थी पूर्वी पुण्याला किंवा नागपूरला महाविद्यालयात गेला आणि त्याच्या दाखल्याविषयी तेथे शंका निघाली, की शाळेत पत्र येई. आपले लिपिक दाखिल-खारिज पंजी उघडत, अनुक्रमांक पाहत, आणि सदर दाखला या शाळेने दिलेला आहे, असे उत्तर गोल शिक्का उमटवून टपालात टाकत. एकमेकांना कधीही न भेटलेली ती दोन कार्यालये केवळ सही-शिक्क्याच्या आधारावर परस्परांवर विश्वास ठेवीत. आज हेच काम दोन संगणक-सेवा काही क्षणांत करतात. त्यांच्यापुढचे प्रश्न मात्र जुनेच आहेत : समोरचा कोण आहे, आणि त्याला काय पाहण्याचा अधिकार आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांच्या दप्तरात फार पूर्वी सापडते. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच मोर्तब होई. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ वाढवली, तर ती बनावट हे उघडच होते. कागदाला कागद जोडून पत्र लांबवले असेल, तर सांध्यावरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. संगणकाची डिजिटल स्वाक्षरी हेच काम अधिक कडकपणे करते. ती संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली असते; गुणपत्रिकेतला एक आकडा बदलला, तरी स्वाक्षरी जुळत नाही. तिच्यासाठी किल्ल्यांची जोडी लागते : एक गुप्त, सही करणाऱ्याजवळ राहणारी, दुसरी जाहीर, जिने कोणीही सही पडताळून पाहावी. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला व्यवहारात उतरवणारी रीत शोधली. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली. जाहीर किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची किंवा संस्थेची आहे, याची हमी देणाऱ्या संस्थाही या कायद्याने नेमून दिलेल्या नियंत्रकाच्या परवान्यानेच चालतात.

दुसरा प्रश्न, अधिकाराचा, अधिक नाजूक आहे, आणि पालकांचा संबंध येतो तो इथेच. डिजिलॉकरचे उदाहरण घेऊ. ही सेवा १ जुलै २०१५ रोजी सुरू झाली, आणि २०१७ मधील नियमदुरुस्तीनंतर तिच्यातून दिलेली कागदपत्रे मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेश-सेवेला तुमच्या मुलीची गुणपत्रिका हवी आहे. ती सेवा मुलीकडे पासवर्ड मागत नाही, मागूच नये. ती मुलीला डिजिलॉकरच्या दारात नेऊन सोडते. मुलगी तिथे, डिजिलॉकरलाच, आपली ओळख पटवते आणि कोणते कागद दाखवायचे त्याला संमती देते. मग डिजिलॉकर त्या प्रवेश-सेवेला एक तात्पुरता परवाना देतो. तो ठरलेल्या कागदांपुरता असतो आणि मुदत संपली की निकामी होतो. प्रवेश-सेवेलाही आपली नोंदणी आधीच करून स्वतःची ओळख द्यावी लागते. कोणीही उठून परवाना मागू शकत नाही. जगभर वापरली जाणारी ही पद्धत ‘ओऑथ’ या नावाने ओळखली जाते. तिची आजची आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मला तिच्यासाठी आपला जुना शब्द आवडतो : दस्तक. दस्तक घेऊन निघालेल्या माणसाला नाक्यावरून वाट मिळे. म्हणून काही किल्ल्याच्या चाव्या त्याच्या हाती येत नसत.

आता जबलपूरकरांना परिचित असलेली एक गोष्ट. स्लीमनसाहेबाने याच शहरात बसून ठगांच्या जबान्या घेतल्या आणि त्यांच्या ‘रामासी’ या गुप्त बोलीचा कोश १८३६ मध्ये छापला. त्या ठगांनी कुलुपे फोडली नाहीत. ते वाटसरूंच्या तांड्यात मिसळत, दिवसेंदिवस सोबत चालत, एकत्र जेवत. विश्वास बसल्यावर मग रुमाल बाहेर निघे. आजचा ठगही गणिताच्या कुलपाशी झटत नाही. तो फोन करून आदराने ओटीपी विचारतो.

हे सांगताना आमच्या कार्यालयाची एक चूक मी झाकून ठेवणार नाही. शाळेच्या माहितीचे संगणकीय खाते माझ्या नावाचे होते आणि त्याचा पासवर्ड कपाटाच्या दाराला लावलेल्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. ज्याला काम असेल त्याने तो वापरावा, अशी सोय. एके वर्षी नववीतल्या एका मुलीच्या जन्मतारखेत चुकून फेर झाला. आधारवरील तारखेशी तो जुळेना, दुरुस्तीला महिने लागले आणि त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळून गेली. चूक कोणी केली हे शोधू लागलो, तेव्हा खात्यात एकच नोंद दिसली : मुख्याध्यापिका. प्रत्येक जण माझ्याच नावाने आत जात होता. यंत्राच्या लेखी ती चूक मीच केली होती, आणि विचार करता ते बरोबरच होते. त्या मुलीच्या आईसमोर मी हात जोडले. ती एवढेच म्हणाली, “बाई, पैशाचं जाऊ द्या, पण तिला वाटतं आपणच काहीतरी चुकीचं लिहिलं.” ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर जिथे जिथे शक्य होते तिथे प्रत्येक लिपिकाला स्वतंत्र प्रवेश दिला, आणि कोणाला काय बदलता येईल तेही ठरवून दिले. फोनवरून पालकांचा ओटीपी घेणे मी बंद केले आहे. कामाला उशीर होतो म्हणून काही पालक रागावतात, रागवावे. शाळेच्या नावाने कोणी ओटीपी मागितला, तर तो आम्ही नव्हे असे निश्चित समजावे. ‘अपार’ ओळखक्रमांकासाठी जे संमतिपत्र आम्ही देतो, ते वाचून मगच सही करा. ती संमती ऐच्छिक आहे. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, असे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही म्हटले आहे.

एक अडचण आपल्या मराठी घरांची खास आहे. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इथल्या रिवाजात मधले नाव बहुधा गळते. हिंदी कागदावर ‘काळे’ यांचे ‘काले’ होतात. माणसाला ही माणसे एकच आहेत हे कळते, परंतु दोन सेवा अक्षराला अक्षर लावून पाहतात आणि ‘जुळत नाही’ असे निर्विकारपणे सांगतात. बारावीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे कळण्यापेक्षा सहावीत कळलेले बरे.

यासाठी येत्या दोन शनिवारी कार्यालयात स्वतंत्र टेबल मांडले आहे. मुलाला, त्याच्या आधारपत्राला आणि स्वतःचा फोन घेऊन या. ओटीपी तुम्हीच टाकायचा. माजी विद्यार्थ्यांसाठी जुन्या पंज्या सभागृहात पाहायला ठेवल्या आहेत. आपले नाव तेव्हाच्या गुरुजींनी कसे लिहिले होते ते पाहा, आणि खिशातले कार्ड काढून त्याच्याशी ताडून पाहा.