रिक्त पद सरकते कुठे?

शिक्षकांच्या तुटवड्याचा विषय डभोईत मांडताना थोडे मागे जावे लागते, कारण हा मुलूख बडोदे संस्थानचा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये कायदा करून तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा, अशी वयोमर्यादा होती. गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचाच दाखला होता. बडोद्याच्या त्या सक्तीत दंड पालकाला होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जबाबदारी उलटी केली आणि ती सरकारच्या गळ्यात घातली. साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक हवेतच, आणि कुठल्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी राहता कामा नयेत, असे तो कायदा सांगतो. दोन शिक्षकांच्या शाळेत दहा टक्के म्हणजे काय, याचा हिशेब तिसरीतले मूलही करील: तिथे एकही जागा रिकामी ठेवण्याची मुभा नाही. तरीही फेब्रुवारी 2024 मध्ये गुजरात विधानसभेत सरकारनेच सांगितले की राज्यातल्या 1,606 सरकारी प्राथमिक शाळा एकेका शिक्षकावर चालल्या आहेत.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: माणसेच मिळत नाहीत. ते खरे नाही. त्याच वर्षी जूनमध्ये टेट आणि टाट या शिक्षक होण्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार कायम भरती मागायला गांधीनगरच्या रस्त्यावर उतरले होते. एकीकडे शिक्षकावाचून वर्ग, दुसरीकडे वर्गावाचून शिक्षक. तेव्हा माणसांची टंचाई हे कारण नव्हे. आपली नेमणुकीची आणि बदलीची रीतच अशी आहे की शिक्षक येतो तोच जाण्यासाठी, आणि तुटवडा निपजतो तो या ये-जा करण्यातून. हेच मला आज मांडायचे आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. डभोई बडोद्यापासून सुमारे तीस किलोमीटर. शहरात घर, मुले शहरातल्या शाळेत, आणि नोकरीसाठी रोजचे अपडाऊन, हे इथे सहज जमते. डभोईच्या पूर्वेला नसवाडी, कवांट. 2013 मध्ये छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला आणि ते तालुके तिकडे गेले. प्राथमिक शिक्षकाची नेमणूक जिल्हावार होते. त्यामुळे कवांटच्या शिक्षकाला शहराजवळ यायचे तर जिल्हाफेर बदली मागावी लागते, आणि शहराच्या वाटेवर डभोई लागते. डभोईची जागा अशा बदलीने भरली की डभोईपुरता प्रश्न सुटतो; कागदावर रिक्त पद संपते. प्रत्यक्षात ते पूर्वेला सरकलेले असते, जिथे ओरडणारे पालक कमी आणि बस त्याहून कमी. बदली शिबिरानंतर एखाद्या तालुक्याचे आकडे सुधारले म्हणून पेढे वाटण्याआधी शेजारच्या तालुक्याचे आकडे मागावेत.

एकशिक्षकी शाळेत काय होते ते जवळून पाहा. पहिली ते पाचवी एका खोलीत. हजेरी ऑनलाइन चढवायची, मध्यान्ह भोजनाची पाने मोजून कळवायची. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला देऊन चौथीला भागाकार सांगायचा, तोवर तालुक्याहून माहिती मागणारा फोन येतो. मतदार यादीचे काम आले तर शाळा कोणाच्या भरवशावर? कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामे शिक्षकाला देता येतात. पण दहा शिक्षकांच्या शाळेतून एक जाणे आणि एकाच्या शाळेतून तो एकच जाणे, यातला फरक कायद्याला दिसत नाही. असा शिक्षक बदली मागतो तेव्हा त्याला कामचुकार म्हणणे सोपे आहे. बदलीचा हुकूम मिळूनही, पर्याय आला नाही म्हणून त्याला मोकळे करत नाहीत, तेव्हा तो शरीराने शाळेत आणि मनाने बाहेर असतो.

कामचुकारपणाचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. 2003 च्या अचानक भेटींच्या देशव्यापी पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतले चौथा हिस्सा शिक्षक गैरहजर सापडले होते. गुजरातचे प्रमाण 17 टक्के, महाराष्ट्राचे 15 च्या आसपास. ही लाजेची गोष्ट आहे. पण अझीम प्रेमजी फाउंडेशनने 2017 मध्ये सहा राज्यांची पाहणी करून गैरहजेरीची कारणे वेगळी काढली, तेव्हा विनाकारण गैरहजर शिक्षक अडीच टक्के निघाले. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारच्याच कामाला. त्या अडीच टक्क्यांवर जरूर कारवाई करा. तेवढ्याने शाळेत दुसरा शिक्षक उगवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंत्राटी शिक्षक स्वस्त पडतात आणि शिकवतातही बरे, असा तो. आंध्र प्रदेशातल्या मुरलीधरन आणि सुंदररामन यांच्या प्रयोगात जादा कंत्राटी शिक्षक मिळालेल्या शाळांतली मुले पुढे गेली, आणि ते शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा कमी गैरहजर राहिले. हे मान्यच करायला हवे. पण तिथे कंत्राटी शिक्षक जादा म्हणून आला होता. इथे तो कायम पदाच्या जागी बसवला जातो. गुजरातने 1998 मध्ये अडीच हजार रुपयांवर विद्यासहायक नेमले. महाराष्ट्राने दोन वर्षांनी तीन हजारांवर शिक्षणसेवक नेमले. निदान त्यांना ठरावीक वर्षांनी कायम होण्याची आशा होती. 2023 चा ज्ञानसहायक अकरा महिन्यांच्या कराराचा आहे, प्राथमिकला सुरुवातीचे मानधन 21,000 होते. अकरा महिन्यांचा माणूस दुसरी जाहिरात निघाली की अर्ज भरणारच. त्यात त्याचा दोष काय?

तर मग बदल्याच बंद करा, असे काही जण म्हणतात. पती-पत्नी दोन जिल्ह्यांत, घरी म्हातारे आई-वडील, अशा माणसाला डांबून शिक्षण होत नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये अवघड आणि सर्वसाधारण अशी क्षेत्रे ठरवून ऑनलाइन बदल्या आणल्या. वशिला कमी झाला हे चांगलेच. पण तिथेही अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढल्याचे बक्षीस काय? तिथून निघण्याचा हक्क! राहण्याचे बक्षीस त्या धोरणात नाही. दुर्गम तालुक्यात दरवर्षी वाढत जाणारा भत्ता, राहायला बरे घर, तालुक्यासाठी म्हणून स्वतंत्र भरती, आणि नवा शिक्षक रुजू होईल त्याच दिवशी जुन्याला मोकळीक, हे खर्चाचे आहे, अशक्य नाही. निवृत्तीची तारीख तर शिक्षक रुजू होतो त्या दिवसापासून दप्तरात असते; ती जागा रिकामी होऊन वर्ष लोटेपर्यंत जाहिरात निघत नसेल तर त्याला तुटवडा म्हणू नये, हलगर्जी म्हणावे.

प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिची सभा होते, निदान सह्या तरी होतात. पुढच्या सभेत किती पदे भरली एवढेच विचारून थांबू नका. भरलेल्या पदावरचा शिक्षक कुठून आला, तिथे आता कोण आहे, आणि आपल्याकडे तो किती दिवस राहणार, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.