नाल्यातलं औषध आणि अब्बांचं बोट

(नवी मुंबईत तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. महापेच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. तरी आज जंतूंबद्दल बोलणार आहे, कारण एक कागद मी दोन वर्षं जपून ठेवलाय.

अब्बांना डायबेटिस आहे. नवी चप्पल लागून त्यांच्या पायाच्या बोटाला जखम झाली. डॉक्टरकडे गेलो तर अर्धा दिवस जाईल, म्हणून मी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तीन दिवसांत सूज उतरली, आम्ही गोळ्या थांबवल्या. महिन्याभरात जखम पुन्हा चिघळली. मी जरा ‘स्ट्राँग’ गोळ्या आणल्या. शेवटी हॉस्पिटल गाठलं. पू तपासायला दिला आणि रिपोर्ट आला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट. हा जंतू त्या औषधाला दाद देत नाही. अगदी खाली एका नावापुढे ‘एस’ होतं, कोलिस्टिन. ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून डॉक्टर ते शेवटी काढतात. अब्बा वाचले. बोट गेलं.

डॉक्टर म्हणाले, असा जंतू हॉस्पिटलात, नाल्यात, कुठूनही येऊ शकतो, स्वतःला दोष देऊ नका. पण माझ्या हातून काय झालं ते मला माहीत आहे.

माझी एक मावसबहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करून आता पोस्टडॉक आहे. घरात कुणालाच हे नीट कळत नाही. ईदला भेटलं की फुफी विचारते, “अजून शिकतेयस?” तर पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, काम. पीएचडीनंतर एखाद्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षांच्या करारावर केलेलं संशोधन. पगार माझ्या निम्माही नाही आणि करार संपला की पुढचं काही ठरलेलं नाही.

आपाचं काम फेजवर चालतं. फेज म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू. तो माणसाच्या पेशींना संसर्ग करत नाही. जंतूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो, आत त्याच्या नकला तयार होतात आणि जंतू फुटतो. जिथे जंतू तिथे फेज, म्हणून आपा सांडपाणी गोळा करते. ते इतक्या बारीक गाळणीतून गाळते की जंतू मागे राहतात आणि फेज खाली उतरतात. मग रुग्णाच्या जखमेतला जंतू काचेच्या थाळीत वाढवून त्यावर ते पाणी टाकते. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या दुधट थरात स्वच्छ गोल ठिपके दिसले, की समजायचं, फेज सापडला.

अब्बा हॉस्पिटलात असताना मी तिला विचारलं होतं, “आपा, तुझ्याकडचं काही चालेल का?” ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “हो म्हणायला मला आवडलं असतं रे. पण माझ्याकडे थाळी आहे, औषध नाही.”

या दोहोंमध्ये किती अंतर आहे, ते तिने मला नंतर समजावलं. एक फेज एकाच जातीच्या जंतूला मारतो, त्यातही काही वाणांनाच. त्यामुळे पोटातले चांगले जंतू वाचतात, हा फायदा. पण प्रत्येक रुग्णासाठी जुळणारा फेज शोधावा लागतो, ही अडचण. जंतू फेजलाही चकवायला शिकतो, म्हणून तीन-चार फेज एकत्र द्यावे लागतात. फेजच्या जनुकांत एखादं विष तयार करणारं जनुक नाही ना, हे तपासावं लागतं. जंतू फुटल्यावर निघालेला विषारी कचरा गाळून काढावा लागतो. आणि शेवटी, हे सगळं खरंच उपयोगी पडतं हे रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांतून सिद्ध करावं लागतं. या चाचण्या अजून अपुऱ्या आहेत.

पण आशा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक अशाच सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूमुळे कोमात गेले होते. त्यांना शिरेतून फेज दिले आणि ते शुद्धीवर आले. त्यातले काही फेज सांडपाण्यातूनच मिळवलेले होते. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक गोपाल नाथ यांच्या गटाने भरून न येणाऱ्या जखमांवर फेज वापरून पाहिले आहेत. अब्बांसारख्याच जखमा. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ साली सुरू झालेली एलियावा संस्था आजही फेजने उपचार करते.

हे बाहेरून आलेलं नवं खूळ आहे असं समजू नका. १८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिनने लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात, पण पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फेजच होते का, यावर आजही वाद आहे. १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स डेरेलने फेजला नाव दिलं. पुढच्या दशकात तो स्वतः हिंदुस्थानात आला आणि कॉलऱ्यावर फेजचे प्रयोग पंजाबात, आसामात झाले. पुढे अँटिबायोटिक्स आली. एक गोळी, अनेक जंतू. जगातल्या बहुतेक देशांनी फेज अडगळीत टाकले. आता गोळ्या हरू लागल्यावर ते आठवतायत. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली.

आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईची. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिनने लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांत अफवा होत्या, भीती होती. तेव्हा विशीतल्या आगाखानांनी, सुलतान महंमद शाह यांनी, लोकांसमोर लस टोचून घेतली. प्रयोगशाळेला जागा नव्हती, तर आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्याच प्रयोगशाळेची पुढे परळची हाफकिन संस्था झाली. संशोधन एकट्या शास्त्रज्ञाच्या डोक्यावर उभं राहत नाही. कुणीतरी जागा देतं, कुणीतरी आधी हात पुढे करतं.

आपल्याकडे बंगले नाहीत. पण काही गोष्टी आहेत.

पहिली. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कुणासाठी आणूही नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. सर्दी-पडशाला तर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. हे मी तुम्हाला शिकवत नाही, मी चुकलो म्हणून सांगतोय.

दुसरी. इथे बसलेल्यांत कॉम्प्युटर शिकणारे बरेच आहेत. फेजची जनुकं वाचून धोकादायक फेज बाजूला काढायचं काम आता सॉफ्टवेअरनेच होतं. मी शनिवारी आपाला त्यात थोडी मदत करतो. पाच वर्षं कंपनीत केलेल्या कामापेक्षा ते मला जास्त माझं वाटतं.

तिसरी. तुमच्या घरात एखादी मुलगी संशोधन करायचं म्हणत असेल, तर तिला “कधी संपणार?” असं विचारू नका. काय सापडलं, ते विचारा.

मागच्या ईदला अब्बांनी आपाला तेच विचारलं. आपाने मोबाइलवर थाळीचा फोटो दाखवला. अब्बांनी चश्मा पुसून तो मोठा करून पाहिला. म्हणाले, “हे भोकं पडलेलं दिसतंय, ते चांगलं की वाईट?” आपा हसली. “चांगलं, खालूजान. खूप चांगलं.”