शेजाऱ्याचा लिलाव



जर्मनीतल्या हेस्से, फ्रँकोनिया भागातल्या खेड्यांत ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरांचा व्यापार करायचे. शेतकऱ्याला गाय उधारीवर मिळायची. १९३३ला हिटलर सत्तेवर आला, तरी बरेच शेतकरी हा व्यवहार सोडेनात. उधारी दुसरं कोण देणार? मग चौकाचौकांत ‘श्टुर्मर’ या नाझी पत्राच्या पेट्या लागल्या. ज्यूंकडून खरेदी करणाऱ्यांची नावंही त्यात झळकू लागली. माणसं ओळख दाखवीनात. नोव्हेंबर १९३८मध्ये खेड्यांतली ज्यू प्रार्थनास्थळंसुद्धा फोडली-जाळली गेली. १९४१पासून उरलेल्या कुटुंबांना मरणाच्या वाटेनं पूर्वेकडं नेलं, आणि त्यांच्या गाद्या, भांडी, कपाटं सरकारनं जाहीर लिलावात काढली. आता बघा, बोली लावायला कोण आलं? शेजारीच की! कुठलं कपाट कुणाच्या घरातलं, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही.