मंडळीचा सांगाडा आणि प्राण



पाळकाने उपदेश करावा, वडीलजनांनी कारभार पाहावा, रविवारी दानाची थैली फिरावी, हा ख्रिस्ती मंडळीचा सांगाडा. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. तेव्हापासून मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची ही घडी बसत गेली. पण सांगाड्यात प्राण कोठून यावा? १८९५ साली याच मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या वळणाची भजने मंडळीच्या मुखी आली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे आसन होते. १९१९ साली ते गेले, दरबार ओसरला. भजने मात्र उरली. ती कोणी राखली? ज्या चाकोरीबाहेर टिळक पडले, त्याच रविवारच्या चाकोरीने! प्राण भक्ताने दिला, पण तो जपला सांगाड्यानेच.