प्रवासातला लहान संगणक



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जे हाताळले, तेवढेच सांगणार आहोत.

2005 साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्यक्षात किंमत दुपटीच्या जवळ गेली. पण संगणक लहान आणि स्वस्त असू शकतो, हे जगाला पटले. 2007 साली तैवानच्या असूस कंपनीने ई पीसी आणला. पडदा सात इंचांचा, वजन किलोहून कमी, साठवण अवघी चार जीबी. आत फिरणारी तबकडी नव्हती, म्हणून धक्क्यांचे भय कमी. 2010 नंतर टॅब्लेट आले आणि या जातीची सद्दी संपली. तरी अकरा इंचांचे स्वस्त लॅपटॉप आजही मिळतात. आमचा असाच आहे, तोही जुन्या बाजारातला.

कोणी विचारील, मोबाइल असता हे ओझे कशाला? संध्याकाळी एका गावी गेटसभा, सकाळी दुसऱ्या गावी कामगार आयुक्तांच्या कचेरीत वाटाघाट, हा आमचा दिनक्रम. पूर्वी फायलींचे गाठोडे घेऊन एस.टी.त चढत असू. व्यवस्थापनाचा अधिकारी आकडे वाचू लागला की आम्ही गाठोडे सोडीत बसत असू, तोवर विषय पुढे जाई. आता पगाराचा तक्ता समोर असतो. चूक तिथल्या तिथे दाखविता येते. चाळीस जणांच्या थकबाकीचा तक्ता मोबाइलवर अंगठ्याने करून पाहा, म्हणजे ओझे कोणते ते कळेल.

पण एक कबुली द्यावयाची आहे. एकदा रात्रीच्या गाडीत आम्हांला डोळा लागला आणि पिशवी गेली. यंत्र काही हजारांचे होते, त्याचे दुःख नव्हते. त्यात एका कारखान्यातील, नुकतेच गुपचूप सभासद झालेल्या कामगारांची यादी होती. ती मालकाच्या हाती पडती, तर त्यांना गेटबंदी झाली असती. यंत्राला साधा पासवर्डही नव्हता! आम्ही प्रत्येकाच्या घरी गेलो आणि झालेली गोष्ट सांगितली. एका वृद्ध आईने विचारले, "माझ्या मुलाचे नाव तुम्ही असे उघड्यावर का ठेवलेत?" उत्तर नव्हते. पिशवी सापडली नाही. कोणाची नोकरी गेली नाही, पण त्यात आमचे शहाणपण नव्हते.

तेव्हापासून तीन नियम पाळतो. पहिला, संपूर्ण साठवण कूटबद्ध करावी. नुसता पासवर्ड पुरत नाही; साठवणीचा भाग काढून दुसऱ्या यंत्राला जोडला की सारे वाचता येते. दुसरा, एक प्रत कचेरीत कुलपात ठेवावी. तिसरा, ज्या कामाला निघालो तेवढेच कागद बरोबर घ्यावेत. प्रवासाला निघालेला माणूस घरातले सगळे दागिने अंगावर घालीत नाही.

आपल्यांत शिक्षक असतील, वकील असतील, हिशेबनीस असतील. आपल्याही पिशवीत दुसऱ्यांची नावे असतात. स्वस्त यंत्र खुशाल घ्या. हरवले तर दुसरे मिळेल. त्या आईचा प्रश्न मात्र आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी आजचे बोलणे.