हायडेलबर्गची शर्यत आणि आपला जिल्हा

मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पायांतलं बळ गेलं. मग ते पाण्यात उतरले. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलची शर्यत त्यांनी 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक!

त्या वेळी अपंगांना समान संधी देणारा कायदा आपल्या देशात नव्हता. तो झाला 1995 मध्ये. आणि पेटकरांना अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी 2025 मध्ये, शर्यतीनंतर 52 वर्षांनी. कर्तृत्व वेळेवर पोहोचलं होतं, हक्काला मात्र उशीर झाला. हा उशीर कमी कसा करायचा, हे शोधून काढणं अभ्यासकांचं काम आहे.

2006 साली संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने 2007 मध्ये आणि युरोपीय संघाने 2010 मध्ये त्याला मान्यता दिली. करार कागदावर राहू नये म्हणून युरोपात पीएचडी करणाऱ्या तरुणांसाठी ‘ड्रीम’ नावाचा प्रशिक्षण उपक्रम निघाला. आयर्लंडमधलं गॉलवे विद्यापीठ त्याच्या अग्रभागी होतं. परदेशी जाऊन राहायचं, कायदा शिकायचा आणि तो धोरणात, बाजारात, रोजच्या व्यवहारात कसा उतरतो ते तपासायचं, अशी ती घडण होती.

आपल्याकडे 2016 च्या कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद घेतली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या, प्रवेशाच्या वयातही 5 वर्षांची सवलत दिली. पण जतच्या एखाद्या वाडीवरून प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटल गाठायला किती खेपा होतात? जावळीच्या डोंगरातल्या मुलीला एसटीची पायरी चढता आली नाही, तर राखीव जागेचा तिला काय उपयोग? अंध विद्यार्थ्याला ग्रंथालयातलं पुस्तक वाचून कोण दाखवतं? हे सगळे पीएचडीचे विषय आहेत. शिवाजी विद्यापीठ तर सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचं. तिथे असे प्रबंध मराठीतून लिहिले जावेत, आणि ज्याने ती पायरी स्वतः अनुभवली आहे त्यानेच ते लिहावेत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घरात, शेजारी एखादा दिव्यांग मुलगा किंवा मुलगी बारावी झाली असेल, तर ‘आता पुरे’ म्हणू नका. ‘पुढे काय शिकणार?’ असं विचारा. पेटकरांनी पाण्यात वाट काढली; या मुलांना कायद्यात काढू द्या.